पिशवीतलं पाणी

त्या वर्षी कॉफी लवकर पिकली, आणि धुकं काही केल्या डोंगर सोडीना. उतारावरची झाडं लाल फळांनी वाकली होती. पिकलेलं फळ वेळेत तोडलं नाही तर गळतं, आणि चिखलात गळलेल्या फळाकडे व्यापारी ढुंकून पाहत नाही. त्यामुळे सान हासिंतो गावात ज्याला चालता येत होतं तो कंबरेला टोपली बांधून मळ्यात गेला होता. म्हाताऱ्या गेल्या होत्या, गरोदर बायका गेल्या होत्या. रुफिना तेवढी घरी होती.

तिची पोर ओदिलिया सात वर्षांची. आदल्या वर्षी पोरीचं तोंड सुजलं, मग पाय सुजले, मग लघवीच बंद झाली. खाली शहरातल्या दवाखान्यात सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. बेंबीशेजारी डॉक्टरांनी एक मऊ नळी बसवून दिली. त्या नळीतून औषधी पाण्याची पिशवी पोटात सोडायची, काही तास ते पाणी पोटात राहू द्यायचं, मग खाली ठेवलेल्या रिकाम्या पिशवीत उतरवून घ्यायचं आणि लगेच नवी पिशवी लावायची. रक्तातली घाण त्या पाण्याबरोबर निघते. दिवसातून तीन वेळा हे करायचं, सणाला सुट्टी नाही की आजारपणाला रजा नाही. गावात नर्स नव्हती, म्हणून दवाखान्यातल्या नोहेमी सिस्टरनी रुफिनालाच नर्स केलं. जवळ ठेवून घेऊन तिला हात कसे धुवायचे इथपासून शिकवलं. तोवर रुफिनाची समजूत होती की हात धुणं आपल्याला येतं.

नवरा आन्सेल्मो शहरात इमारतींच्या कामावर होता. जाण्याआधी त्याने घराला लागून एक खोली बांधून दिली होती. सिमेंटची जमीन, चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती, काचेची खिडकी, आत नळ आणि घट्ट बसणारं दार. बाकीचं घर फळ्यांचं, त्यात चूल, धूर आणि कोंबड्या. पाहुणा आला तर गावातलं सगळ्यात देखणं दालन हेच म्हणावं लागलं असतं, पण पाहुण्याला आत यायची मनाई होती. पिशवी बदलताना खोलीत रुफिना आणि पोर, दोघीच. दार बंद, खिडकी बंद, तोंडाला फडकं. नळीच्या तोंडाला एवढंसं काही लागलं तर ते थेट पोटात जातं आणि पोटच सडतं, असं सिस्टरनी बजावलं होतं.

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला उभ्या उभ्या परत पाठवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं. ओदिलियाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर धरलं होतं ते दोमितिलानं, तेव्हापासून रुफिना आणि ती एकमेकींना कोमाद्रे म्हणत, आणि हे नातं सख्ख्या बहिणीहून जड. पोर दवाखान्यातून आली तेव्हा ती दोमितिला मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळून वाफवलेले गरम तमाल घेऊन धावत आली. रुफिना दाराआडूनच म्हणाली, "कोमाद्रे, आत्ता न्हाई. पिशवी चालू हाय."

"मग मी काय पिशवीला चावते व्हय?"

"सिस्टरनी सांगितलंय."

 दोमितिला तमालांचं टोपलं पायरीवर ठेवून म्हणाली, "सांगितलंय तर सांगितलंय. बिशप ऱ्हातो का गं आत? त्याला सांग, कोमाद्रे येऊन गेली."

पुढच्या खेपेला ती आली नाही. मग कुणीच येईनासं झालं. रुफिना दळायला गिरणीवर गेली की बायका जागा करून देत, पण बोलणं थांबत असे. थंडीच्या दिवसांत पिशवी पोटात सोडण्याआधी उबदार करावी लागे, म्हणून रुफिना ती वेष्टणासकट शालीत गुंडाळून छातीशी धरून अंगणात फेऱ्या घाली. ते पाहून रस्त्यावरून जाणारं कुणीतरी विचारी, "दुसरं झालं काय गं?" रुफिनाही हसे. हसण्यापुरतं का होईना, माणूस थांबलेलं बरं वाटे.

घरात सासू होती, पेत्रोनिला. सत्तरीची, पण अजून भरल्या पोत्याची पट्टी कपाळाला लावून चढ चढणारी. ओदिलिया तिची फार लाडकी. पोर आजारी पडली तशी म्हातारीने पहिलं काम केलं ते अंड्याचं. कोंबडीचं ताजं अंडं पोरीच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवायचं, मग पाण्याच्या पेल्यात फोडायचं. पाणी स्वच्छ राहिलं तर आजार अजून अंगात आहे. पाण्यात पांढरे धागे चढले, पाणी गढूळ झालं, तर आजार अंड्यात उतरला, सुटला. मग तो पेला घरापासून दूर वाहत्या पाण्यात ओतायचा, मागे वळून बघायचं नाही, आणि काय निघालं याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. बोललं की ते आपलं नाव ऐकतं आणि परत येतं. पेत्रोनिलाची स्वतःची पाच पोरं अशीच जगली होती.

नोहेमी सिस्टर घर बघायला आल्या तेव्हा म्हातारी नेमकी अंडं घेऊन दारात. सिस्टर चांगल्या होत्या, त्यांनी नीट समजावलं, "आजी, अंड्याला माझी ना नाही. पण या खोलीच्या आत नको. कोंबडीची घाण असते त्याला."

"अंडं घाण?" पेत्रोनिला म्हणाली.  त्या दिवसापासून ती त्या खोलीच्या उंबऱ्यावर पाय देत नसे. खिडकीच्या काचेला नाक लावून मात्र उभी राही. आत पोर हात हलवी, बाहेर म्हातारी हात हलवी.

आता कॉफी पिकली आणि मळ्यात पेत्रोनिला एकटी पडली. पहाटे जाई, अंधार पडताना टोपलं पाठीवर घेऊन येई, आणि चुलीपाशी बसून पाय पसरून स्वतःशीच बोले. बोले स्वतःशी, पण ऐकू येईल एवढ्याने.

"पलीकडच्या बांधाला समदं गळून पडलंय. चालायला गेलं की पायाखाली चटचट वाजतंय. माणूस असतं तर वेचलं असतं."

"आत्याबाई, म्या काय मुद्दाम बसलेय का?" रुफिना म्हणे.

"तुला कोण म्हणतंय? म्या माझ्या पायाशी बोलतेय."

ते ऐकून ऐकून रुफिना पहाटे उठू लागली. पहिल्या पिशवीच्या आधी अंधुक उजेडात घराजवळच्या झाडांची फळं तोडायची, धावत यायचं, हात धुवायचे, पोरीला उठवायचं. ओल्या फांद्यांनी आणि फळाच्या चिकाने बोटांना चिरा पडल्या. दवाखान्याच्या साबणाने त्या झोंबत. पण सासूच्या टोपल्याशेजारी आपलंही एक टोपलं उभं राहतं, याचं तिला समाधान होतं. एक दिवस पेत्रोनिलाने तिच्या टोपल्यातली फळं मुठीत घेऊन पाहिली आणि म्हणाली, "बरी तोडलीस. हिरवं न्हाई आलं." तेवढं बोलणं रुफिनाला दिवसभर पुरलं.

मग पाऊस लागून राहिला आणि खालच्या वळणावर दरड कोसळली. दवाखान्यातून पिशव्यांची खोकी घेऊन येणारी गाडी वर येऊ शकेना. ड्रायव्हरने निरोप धाडला की खोकी दरडीच्या पलीकडे, शाळेच्या पडवीत उतरवून ठेवतो, लवकर घेऊन जा, ओल लागली तर वाया जातील. घरातल्या पिशव्या संपत आल्या होत्या. रुफिनाला जाणं भाग होतं.

तिने दोमितिलाच्या दारात जाऊन खेचर मागितलं. दोमितिलाने "कशाला" असंही विचारलं नाही. दोरी हातात दिली, म्हणाली, "चढाला मागून ढकलावं लागतं. लई हट्टी हाय, घरात कुणाला घेत न्हाई." रुफिनाला टोमणा कळला. दोरी घेऊन ती निघाली.

जाताना सासूला म्हणाली, "दुपारच्या पिशवीपर्यंत येते. न्हाई आले तर ऱ्हाऊ द्या. एक पिशवी उशिरा झाली म्हणून काही व्हत न्हाई, सिस्टरनी सांगितलंय. तुम्ही हात लावू नका."

"न्हाई लावत. मला काय कळतंय त्यातलं?"

मळ्यात न जाता पेत्रोनिला घरी थांबली. तिच्या दृष्टीने हा एक दिवस म्हणजे आणखी एक बांध गळून जाणं. तरी थांबली.

दुपारपर्यंत रुफिना खोकी खेचरावर बांधून दरडीपाशी आली आणि वरून पुन्हा माती सुटली. रस्ता साफ करणाऱ्यांनी सगळ्यांना मागे हटवलं. खेचर ओल्या मातीवर पाय टाकेना. रुफिनाने ओढलं, ढकललं, शिव्या दिल्या, शेवटी त्याच्या मानेला डोकं टेकून उभी राहिली. खोक्यांवर स्वतःची शाल टाकली आणि आपण भिजली. वाट मोकळी होऊन ती घरी पोचली तेव्हा अंधार पडला होता.

अंगणात पेत्रोनिला उभी होती. चेहरा असा की रुफिनाने लग्नापासून पाहिला नव्हता.

"झालं," म्हातारी म्हणाली. "दोन्ही येळेला म्या केलं."

रुफिनाच्या हातातली दोरी सुटली. "हात लावू नका म्हणले व्हते ना?"

"पोर पोट धरून रडाय लागली. पोटात पाणी साचलंय, काढ म्हणाली. किती बघत बसू? वरीसभर काचेतून बघतेय मी. तू काय काय करतीस ते समदं पाठ हाय मला. हात धुतले. फडकं बांधलं. कोंबड्या कोंडल्या."

आतून ओदिलिया ओरडली, "आई, आजी लई वेळ हात धूत व्हती. मीच सांगत व्हते कधी थांबायचं. आणि आजी मधेच बोलली, मग मी तिला गप केली."

रुफिना दारात गेली. पोर गादीवर बसून होती, गाल जरा लाल, पण हसत होती. आत जाऊन चाचपलं, पोट मऊ लागलं. नळीचं टोक झाकणाने नीट बंद केलेलं, पट्टी कोरडी. रुफिनाने रागवायला तोंड उघडलं आणि तिला राग सापडेना. कुणीतरी दुसऱ्याने ते केलं होतं. या जगात आपल्याखेरीज अजून दोन हात आहेत, ही गोष्ट तिच्या अंगातून गरम पेजेसारखी उतरत गेली.

"पाणी कसं निघालं?" तिने विचारलं.

पेत्रोनिला दोरी उचलायला वाकली. "पाण्यासारखं पाणी."

"पिशव्या कुठं हायेत?"

"ओतल्या. कशाला ठेवायच्या घरात?"

संध्याकाळी लावलेली शेवटची पिशवी सकाळपर्यंत पोटात राहायची होती. रुफिना ओले कपडे बदलून पडली. वर्षभरात अशी झोप तिला लागली नव्हती.

सकाळी पोर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. अंग तापलेलं, ओठ कोरडे. हात लावला तशी किंचाळली. रुफिनाने फडकं बांधलं, हात धुतले, नळी उघडली. पाणी खालच्या पिशवीत उतरू लागलं आणि ती पिशवीकडे पाहतच राहिली. चुन्यात शिजवलेला मका धुतल्यावर जे पाणी निघतं, तसं. पिशवीमागे तिने आपला हात धरला. बोटं दिसेनात. पाणी गढूळ दिसलं तर वाट बघायची नाही, पिशवी घेऊन तसंच निघायचं, आणि पहिल्यांदा कधी दिसलं ते डॉक्टरला नीट सांगायचं. सिस्टरनी हे तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं होतं.

ती दार उघडून बाहेर आली. "आत्याबाई, काल पाणी असं व्हतं का?"

पेत्रोनिलाने पिशवीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. शालीचा पदर तिने तोंडावर घेतला आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी राहिली.

"असं व्हतं का, सांगा ना."

म्हातारीने मान फिरवली.

रुफिनाने पोरीला शालीत घालून पाठीला बांधलं, पिशवी पोटाशी धरली आणि उताराला लागली. मागे पावलं वाजत होती. पेत्रोनिला अनवाणी येत होती, हातात पोरीचं पांघरूण घेऊन. चिखलात रुफिनाचा पाय घसरला की मागून तिच्या कमरेला हात लागे. पोर पाठीवर कण्हत होती, आणि तिच्या श्वासाची आग रुफिनाच्या मानेला लागत होती. मळ्यातून कॉफी तोडणारे वळून पाहत. कुणी हाक मारली नाही. काय विचारावं हेच त्यांना कळत नसावं.

दरडीपाशी रस्त्याच्या कामावरचा ट्रक उभा होता. ड्रायव्हरने पोरीकडे एकदा पाहिलं आणि इंजिन चालू केलं. पुढे जागा एकीचीच होती. रुफिना चढली, दार ओढणार तोच पेत्रोनिलाने दाराची कड धरली.

"काल दुपारधरनं," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "दुपारी लई गढूळ व्हतं. संध्याकाळी जरा कमी. मला वाटलं निघालं. वरीसभर साफ पाणी येत व्हतं, म्हंजे आजार आतच बसलाय, असं मला वाटायचं. काल पयल्यांदा गढूळ आलं, आणि पोर हसली, भाकरी मागून खाल्ली. म्या वढ्यात नेऊन ओतलं. मागं बघितलं न्हाई. म्हणून तुला न्हाई बोलले. आता बोलले मी. बोलाय नको व्हतं."

रुफिनाला बोलायचं होतं. ट्रक हलला.

दवाखान्यात पोरीला दारातूनच आत नेलं. एका तरुण डॉक्टरने रुफिनाच्या पायांकडे पाहून तिला बाहेर थांबायला सांगितलं. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. दार बंद झालं, आणि काचेच्या चौकोनातून तिला पोरीचे तळवे तेवढे दिसत राहिले. थोड्या वेळाने तो डॉक्टर बाहेर आला.

"पाणी गढूळ कधीपासून?"

"काल दुपारपासून."

"काल दुपारपासून? आणि आज आणता? पिशवी कुणी बदलली?"

दुसऱ्या कुणी हात लावला असं कळलं तर घरी करायची परवानगी जाते, हे रुफिनाला ठाऊक होतं. मग शहरात राहा, नाहीतर पोरीला इथेच ठेवा. "म्याच," ती म्हणाली. "दर खेपेला मीच करते."

"दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं."

"मग?"

 डॉक्टर तिच्याकडे असा पाहत होता जसा माणूस रस्त्यात पोर टाकून गेलेल्या बाईकडे पाहील. रुफिनाने मान खाली घातली. बाकावर बसलेल्या दोन बायकांनी ऐकलं आणि आपापली पोरं जवळ ओढली.

नोहेमी सिस्टर संध्याकाळच्या पाळीला आल्या.  त्यांनी बाकावर शेजारी बसून रुफिनाचे हात उताणे केले आणि दिव्याकडे धरले. बोटांच्या पेरांवर लाल, उकललेल्या चिरा होत्या.

"कॉफी?"

"पहाटे थोडी. पिशवीच्या आधी."

"रुफिना, अशा चिरांत साबण पोचत नाही गं. किती घोकून घेतलं होतं मी."

"यातनंच शिरलं?"

"कुठून शिरलं ते कुणीच सांगू शकत नाही. पण काल दुपारी गढूळ आलं म्हणजे शिरलं ते त्याच्याही आधी. एक-दोन दिवस आधी."

रुफिना आपल्या हातांकडे पाहत राहिली. एका टोपल्यासाठी, सासूच्या तोंडच्या दोन शब्दांसाठी हे झालं असेल. आणि वर डोंगरात म्हातारी बसली होती, आपल्याच हाताने झालं असं समजून. खरं काय ते तिला आत्ता, या घटकेला सांगायला हवं होतं. वर फोन लागत नव्हता.

पोर जगली. पण सहजासहजी नाही. बरेच दिवस तिने डोळे नीट उघडले नाहीत. सुया टोचून टोचून हाताच्या शिरा संपल्या, मग पायाच्या शोधल्या. नळी काढावी लागते की काय, यावर डॉक्टरांची रोज चर्चा होई, आणि रोज ते उद्यावर टाकत. आन्सेल्मो एका रविवारी आला, सिमेंटने पांढरे पडलेले बूट घालून. काचेपाशी उभा राहून रडला आणि कामावर परत गेला. रुफिना बाकाखाली झोपे. पोरीचं अंग पुसायला, पाठ चोळायला, घोटभर पाणी पाजायला तिला आत घेत, पण नळीला हात लावू देत नसत. दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून ते करावं आणि आपण कोपऱ्यात उभं राहून पाहावं, हे तिच्याने बघवत नसे, तरी ती बघे. एकदा पिशवी उतरून झाल्यावर नोहेमी सिस्टरनी ती उचलून उजेडात धरली आणि तिला हाक मारून दाखवली. पिवळसर, आरपार. पलीकडचा खिडकीचा गज दिसत होता.

घरी सोडताना तरुण डॉक्टरने तिला सगळं पहिल्यापासून म्हणून दाखवायला लावलं, शाळेतल्या पोराला लावतात तसं. तिने म्हणून दाखवलं.

गावात पोचली तेव्हा धुकं तसंच होतं. पांढऱ्या खोलीचं दार धुऊन ठेवलेलं, जमीन दगडाने घासलेली. पेत्रोनिला अंगणात कॉफी वाळत घालत होती. पोरीला पाहून ती उठली, दोन पावलं आली आणि थांबली. हात पाठीमागे घेतले.

"आजी, ये ना," ओदिलिया म्हणाली. आवाज बारीक झाला होता तिचा.

"व्हय. बघतेय की मी."

पोर झोपल्यावर रुफिना अंगणात आली आणि सासूसमोर उकिडवी बसली. "आत्याबाई, ऐका. तुमच्या हातानं न्हाई झालं. तुम्ही पिशवी लावायच्या आधीच ते पोटात शिरलं व्हतं. सिस्टर म्हणाल्या. माझी बोटं फुटली व्हती. माझ्याच हातानं झालं असंल."

पेत्रोनिला फळं पालथी करत होती. "पोरी, चांगल्या मनाची हायेस तू."

"मनाचं न्हाई. खरं सांगतेय."

"तू इतके दिवस केलंस, काय झालं न्हाई. म्या एक दिवस केलं." ती फळं सारखी करत राहिली. "आणि वर बोललेही. इतकी वर्सं झाली, कधी बोलले नव्हते. बोलले आणि पोर मराया टेकली."

"बोललात म्हणून डॉक्टरला सांगता आलं."

"असंल."

"तुम्ही शिका ना माझ्याकडनं. मी सिस्टरला सांगते. परवानगी काढते. दोघी करू." रुफिनाला आपला आवाज केविलवाणा झाल्याचं जाणवलं, पण तिला थांबता येईना. "मला एकटीला न्हाई व्हत, आत्याबाई. आत जाऊन दार लावलं की मला कुणीच न्हाई."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण ते तिने गालावर येऊ दिलं नाही. "मी अंगणात हाय की," ती म्हणाली. "कुठं चाललेय? पण हात लाव म्हणू नकोस मला."

त्यानंतर ती काचेपाशीही आली नाही. पिशवी बदलायची वेळ झाली की भिंतीला पाठ लावून बाहेर बसे, हातातलं काम खाली ठेवून. मळ्यात कितीही घाई असो, ती जागची हलत नसे. दार उघडून रुफिना बाहेर आली की तिच्या तोंडाकडे बघे, विचारी मात्र काही नाही. ओठ घट्ट मिटलेले. दोन दिवस रुफिनाने ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी पिशवी उजेडात धरली आणि दार उघडायची वाट न बघता आतूनच मोठ्याने म्हणाली, "साफ हाय, आत्याबाई."

 बाहेर टोपलं उचलल्याचा आवाज आला आणि पावलं मळ्याकडे गेली.

मग तसंच चालू झालं. पिशवी उतरली की रुफिना आतून सांगे, साफ हाय, आणि म्हातारी उठून कामाला लागे. दोघींमधलं तेवढंच बोलणं. दोमितिला एकदा खेचराची दोरी न्यायच्या निमित्ताने येऊन पायरीवर बसली होती, तिनेही ते ऐकलं. उठताना ती आतल्या दाराला म्हणाली, "कोमाद्रे, मलाबी ऐकू आलं हां." पण तिलाही मळा होता. ती परत आली नाही.

हंगाम संपता संपता पलीकडच्या डोंगरावरच्या बांधाची शेवटची तोड उरली. ते रान लांब. पेत्रोनिला गावातल्या इतर बायकांबरोबर पहाटेच गेली, मुक्काम करून येणार होती. जाताना दारापाशी थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. गाव रिकामं झालं. कुत्रीसुद्धा माणसांमागे गेली होती.

दुपारी रुफिनाने कोंबड्या कोंडल्या, दार लावलं, फडकं बांधलं. बोटं भरून आली होती, तरी ती एकेक बोट उजेडात बघून घेई. पाणी उतरायला वेळ लागला. ओदिलिया उताणी पडून छताकडे बघत होती. पिशवी भरल्यावर रुफिनाने नळी बंद केली, पिशवी उचलून खिडकीपाशी नेली. पाण्यातून बाहेरचं अंगण दिसत होतं, वाळत घातलेली कॉफी दिसत होती, भिंतीजवळची मोकळी जागा दिसत होती.

"साफ हाय, आत्याबाई," ती मोठ्याने म्हणाली.

"आई," ओदिलिया म्हणाली, "आजी न्हाई तिथं."

"ठावं हाय मला," रुफिना म्हणाली, आणि तिने दुसरी पिशवी खिळ्याला लावली.